जुनी डिस्क एवढ्यात फॉरमॅट करू नका (आणि सी ड्राइव्ह मोठा का होत नाही)

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. सांगलीच्या मार्केट यार्डात तुमच्या वडिलांचं हळदीचं अडत दुकान आहे. तिथल्या विंडोज 10 च्या पीसीतली 500 जीबीची हार्ड डिस्क भरली, म्हणून 1 टीबीची आणली. चुलतभावानं सी ड्राइव्हमधलं सगळं सिलेक्ट करून नव्या डिस्कवर कॉपी-पेस्ट केलं, पण त्यावरून पीसी चालू झाला नाही. मग तुम्ही क्लोनझिला या सॉफ्टवेअरनं क्लोन (पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल) केलं आणि विंडोज सुरू झालं. पण सी अजून 465 जीबीच दाखवतोय आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट आहे, दाबलंच जात नाही. शिवाय जुनी डिस्क फॉरमॅट करून गोदामाच्या कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगला लावू का, असं विचारलंय.

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नको. या घडीला तुमच्या हिशोबाची खात्रीची प्रत त्या एकाच डिस्कवर आहे. तिच्यावर चिठ्ठी चिकटवा, तारीख टाका आणि कपाटात ठेवून द्या. कॅमेऱ्यासाठी वेगळी डिस्क घ्या.

आता चुलतभावाचं काय चुकलं ते. फाइली गेल्या, पण चालू होण्याची व्यवस्था गेली नाही. पीसीचं बटण दाबलं की मदरबोर्ड सी ड्राइव्हमध्ये काही शोधत नाही. नव्या पद्धतीच्या म्हणजे यूईएफआय मशीनमध्ये तो डिस्कवरचं साधारण 100 एमबीचं एक छोटं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा पाडलेला भाग) शोधतो. विंडोजचा बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) तिथं असतो आणि विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ही नोंदही तिथंच असते. या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसतं, त्यामुळे 'धिस पीसी'मध्ये ते दिसत नाही आणि कॉपीत येत नाही. वर चालू विंडोजनं रजिस्ट्रीसारख्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या) फाइली धरून ठेवलेल्या असतात, त्याही सुटतात. त्यामुळे तो प्रयोग कितीही वेळा केला तरी पीसी चालू झाला नसता. पूर्ण डिस्कवरून पूर्ण डिस्कवर क्लोन, हीच रीत. तुम्ही ती केली, हे चांगलं झालं.

आता तुमची खरी अडचण. स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि खालची पट्टी डावीकडून उजवीकडे वाचा. आधी 100 एमबीचा ईएफआय तुकडा, मग 465 जीबीच्या आसपास सी, त्याच्या उजवीकडे काहीशे एमबीचं 'रिकव्हरी पार्टिशन' आणि त्याच्याही पलीकडे काळ्या पट्टीचं 'अनअलोकेटेड' म्हणजे मोकळी जागा, तीही साधारण 465 जीबी. क्लोनझिला मुळात पार्टिशनची मांडणी होती तशीच उतरवतं, त्यामुळे वाढलेली सगळी जागा शेपटाला गेली. विंडोजला सी वाढवायला जागा सीच्या उजव्या हाताला लागूनच हवी असते. मधे रिकव्हरीची भिंत आहे म्हणून बटण फिकट दिसतंय. तुमची डिस्क बिघडलेली नाही की क्लोनही चुकलेला नाही. (1 टीबी डिस्कवर 931 जीबीच दिसतील, तेही बरोबर आहे. कंपनी 1000 च्या पटीनं मोजते, विंडोज 1024 च्या.)

ही भिंत पाडायची नाही, सरकवायची. पुष्कळ जण रिकव्हरी पार्टिशन सरळ उडवायला सांगतात आणि त्यानं सी वाढतोही. पण उद्या विंडोज अडलं तर 'स्टार्टअप रिपेअर'चा पडदा तिथूनच येतो. दुकानाच्या मशीनवर तो हवाच, असं माझं मत आहे.

आधी विंडोज नीट बंद करा. विंडोज 10 मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' म्हटल्यावरही ते अर्धवट झोपतं आणि सीवर आपला हात ठेवून जातं. म्हणून शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर हात लावण्याआधी तो पूर्ण बंद करून ड्राइव्ह उघडा होऊ द्या. त्याआधी त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या.

मग जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या सॉफ्टवेअरचा लाइव्ह (विंडोजशिवाय पीसी चालू करणारा) पेनड्राइव्ह लावून त्यावरून पीसी सुरू करा. रिकव्हरी पार्टिशन निवडा, 'रिसाइज/मूव्ह' घ्या, तो तुकडा माउसनं धरून पार उजव्या टोकाला न्या. त्याचा आकार बदलायचा नाही, फक्त जागा. पार्टिशन हलवल्यानं सिस्टीम चालू न होण्याची शक्यता आहे, असा इशारा इथं येईल. तो इशारा बूट ज्यावरून होतं त्या पार्टिशनसाठी खरा आहे. आपण रिकव्हरी हलवतोय, म्हणून पुढे जा. आता मोकळी जागा सीला लागून आली. सी निवडा आणि फक्त उजवी कड ओढून भरून टाका. डावी कड जागची हलू देऊ नका. मग हिरव्या खुणेचं 'अप्लाय' दाबा. तोवर डिस्कवर काहीच लिहिलं गेलेलं नसतं, त्यामुळे शंका आली तर तिथंच थांबून पुन्हा बघता येतं. एकदा सुरू झाल्यावर मात्र मधे वीज जाऊ द्यायची नाही. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तरी टिकते का, ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

नंतर विंडोज पहिल्यांदा चालू होताना आपोआप डिस्क तपासायला बसेल. त्याला तपासू द्या, बटण दाबून बंद करू नका. डेस्कटॉप आला की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'रीएजंटसी /इन्फो' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. 'एनेबल्ड' दिसलं तर रिकव्हरी जागेवर आहे. नाहीतर त्याच आज्ञेत इन्फोच्या जागी आधी 'डिसेबल' आणि मग 'एनेबल' द्या.

क्लोन करायला निघालेल्या बाकीच्यांनी दोन गोष्टी मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्क ओळखणं. काही वर्षांपूर्वी मिरजेतल्या एका दुकानाची डिस्क मी बदलत होतो. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या. पडद्यावर एसडीए आणि एसडीबी (सॉफ्टवेअरनं डिस्कना दिलेली नावं) अशा दोन ओळी होत्या. कुठली जुनी आणि कुठली नवी हे मी केबलच्या क्रमावरून धरून चाललो आणि कोऱ्या डिस्कचं क्लोन हिशोबाच्या डिस्कवर केलं. चूक पूर्णपणे माझी होती. दोन वर्षांच्या नोंदी छापील बिलांवरून पुन्हा भरायला आम्ही अकरा दिवस बसलो, आणि त्या दुकानदारानं तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही याचं मला आजही ओझं वाटतं. तेव्हापासून डिस्कच्या लेबलावरच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं टेपवर लिहून, 'जुनी' आणि 'नवी' असं डिस्कलाच चिकटवतो. क्लोनझिलाच्या यादीत सीरियल नंबर दिसतो. तो जुळल्याशिवाय एंटर दाबायचा नाही. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर पडद्याचा फोटोही काढून ठेवा.

दुसरी, क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. क्लोनमध्ये डिस्कची ओळखही जशीच्या तशी उतरते. दोन्ही एकत्र लावल्या तर एकाच ओळखीच्या दोन डिस्क बघून विंडोज त्यातली एक ऑफलाइन करतं. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी पीसी जुन्या डिस्कवरूनच चालू होतो, आपल्याला वाटतं नव्यावरून चाललाय. मग आठवडाभराचे हिशोब जुनीवर जातात.

यार्डातल्या पीसीचं कॅबिनेट उघडलं की फॅनवर हळदीचा पिवळा थर असतो, डिस्कच्या साटा केबलच्या तोंडातही. कोरड्या मऊ ब्रशनं झाडा, तोंडानं फुंकू नका. थुंकीचा ओलावा जातो आणि हळद चिकटून बसते. जुनी डिस्क मंद झाली होती असं तुम्ही लिहिलंय, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे 'रीअलोकेटेड' (खराब म्हणून बदललेले) आणि 'करंट पेंडिंग' (वाचायला अडणारे) सेक्टर म्हणजे डिस्कवरचे छोटे तुकडे बघा. पेंडिंगमध्ये शून्याहून जास्त आकडा असेल तर काही फाइली क्लोनमध्ये अर्धवट आल्या असू शकतात. हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडून गेल्या वर्षाचे दोन-चार खातेउतारे जुळवून बघा. अशी डिस्क पुन्हा क्लोन करायची वेळ आली तर आधी डीडीरेस्क्यूनं उतरवून घ्यावी. ते वाचता न येणारा भाग मागे ठेवून चांगला भाग आधी वाचवतं.

दुसऱ्या कोणी 4 टीबीची डिस्क आणली असेल तर आधी डिस्कवर पार्टिशनची नोंद ठेवायची पद्धत बघा. जुनी एमबीआर पद्धत 2 टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही, त्याला जीपीटी ही नवी पद्धत लागते. तुमच्या 1 टीबीला हा प्रश्न नाही.

विंडोज 10 ला मिळणारी नेहमीची मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपली, तेव्हा विंडोज 11 चा विचार करावाच लागेल. पण तो याच दिवशी करू नका. आधी नव्या डिस्कवर एक महिना दुकान चालवा, मार्चअखेरचे हिशोब निघू द्या, त्यांचा वेगळा बॅकअप घ्या. मग कपाटातली ती डिस्क काय करायची ते बघू. जीपार्टेडमध्ये 'अप्लाय' दाबायच्या आधी पडद्याचा फोटो इथं टाका, मी बघून सांगतो.