शके १८१८ आणि तुमचं पहिलं मॉड्यूल

प्रश्न : आमच्या वाचनालयातली जुनी मासिकं स्कॅन करून आम्ही ओमेका एस या डिजिटल संग्रहाच्या सॉफ्टवेअरवर चढवतो आहोत. चारशे अंक झाले. मुखपृष्ठावर ‘शके १८१८, दुर्मुखनाम संवत्सर, श्रावण’ अशी तारीख असते आणि वाचक विचारतात, म्हणजे इसवी सन किती? मला पीएचपी येतं, वर्डप्रेसची दोन प्लगइन लिहिली आहेत. ओमेकाच्याच टेम्पलेट फाइलीत बदल करून पाहिला, तो पुढच्या अपडेटमध्ये पुसला गेला. मॉड्यूल, म्हणजे ओमेकाचं प्लगइन, लिहायला सुरुवात कुठून करू? आमचे कार्यवाह म्हणतात, एवढा खटाटोप कशाला, तारखेच्या रकान्यात सरळ इसवी सनच भरा.
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी कार्यवाहांचं बघू, कारण मॉड्यूलने काय करायचं हे त्यावरच ठरतं. मुखपृष्ठावर छापलंय तेच भरा. इसवी सन हा आपण मांडलेला हिशोब आहे, आणि हिशोब चुकतो. मूळ नोंद पुसून नुसता हिशोब ठेवलात तर उद्या चूक पकडायला हाती काहीच उरत नाही. त्यात ओमेका एसमधली नोंद तुमच्या पानापुरती राहत नाही. ती डब्लिन कोअरसारख्या सामायिक शब्दसंग्रहातल्या गुणधर्माला बांधलेली असते आणि एपीआयमधून (इतर प्रोग्रामना माहिती देणाऱ्या दारातून) जेसन-एलडी या यंत्रांना वाचता येणाऱ्या रूपात कोणालाही उचलता येते. चुकीचं साल तिथून कुठे कुठे जाईल, सांगता येत नाही.

म्हणून माझी एकच अट. तुमच्या मॉड्यूलने डेटाबेसमध्ये काहीही लिहायचं नाही. नोंद वाचायची, हिशोब करायचा, पानावर दाखवायचा, बस. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला ही अट सोयीचीही आहे. टेबलं बनवायला नकोत, काढताना ती पुसायलाही नकोत. (सालाप्रमाणे अंकांचा क्रम लावायचा असेल तर त्यासाठी ‘न्यूमरिक डेटा टाइप्स’ हे तयार मॉड्यूल आहे. ते घ्या आणि त्याचं साल वेगळ्या गुणधर्माखाली ठेवा.)

वर्डप्रेसहून इकडे येणारा माणूस आतली रचना बघून दचकतो. खाली लॅमिनास फ्रेमवर्क, डेटाबेससाठी डॉक्ट्रिन, सगळीकडे क्लासच क्लास. तुम्हाला यातलं चार आणेही लागणार नाही. ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये ‘शकेसन’ नावाचं फोल्डर करा. (नावं इथे देवनागरीत छापली आहेत, तुम्ही अर्थातच रोमनमध्ये टाइप करा.) आत दोनच फाइली. ‘कॉन्फिग’ या उपफोल्डरमध्ये ‘मॉड्यूल.आयएनआय’, तिच्यात नाव, आवृत्ती आणि ओमेकाच्या कोणत्या आवृत्त्यांवर हे चालेल ते. दुसरी ‘मॉड्यूल.पीएचपी’, तिच्यात एक क्लास, ओमेकाच्या ‘ॲब्स्ट्रॅक्टमॉड्यूल’वर बेतलेला. फोल्डरचं नाव तेच नेमस्पेसचं नाव.

अक्षरं लहान की मोठी, हे डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या पहिल्या मॉड्यूलमध्ये फाइलीच्या नावातला एम लहान पडला होता. घरच्या विंडोजने तो चालवून घेतला, लिनक्स सर्व्हरने मॉड्यूलच सदोष ठरवलं. अर्धा दिवस मी कोड तपासत बसले, आणि कोडमध्ये काही नव्हतंच.

ॲडमिनच्या यादीत नाव दिसलं की इन्स्टॉल करा. अजून ते काहीच करणार नाही, पण सांगाडा उभा राहिला. पुढे जाण्याआधी तुमच्या लॅपटॉपवरच्या प्रतीत ‘डॉट एचटीॲक्सेस’मधलं ‘प्रॉडक्शन’ बदलून ‘डेव्हलपमेंट’ करा, म्हणजे चूक झाली की नेमकी ओळ दिसेल. सर्व्हरवर मात्र हे करू नका.

आता खरं काम. तुम्हाला हुक माहीत आहेत, इथे त्यांना इव्हेंट म्हणतात. क्लासमध्ये ‘अटॅचलिसनर्स’ ही मेथड लिहा आणि तिच्यात सांगा की सार्वजनिक साइटच्या आयटम कंट्रोलरचा ‘व्ह्यू.शो.आफ्टर’ हा इव्हेंट आला की माझं फंक्शन बोलवा. फंक्शनच्या हाती इव्हेंट येतो, इव्हेंटकडून व्ह्यू मिळतो, व्ह्यूकडून आयटम. आयटमला ‘डीसीटर्म्स:डेट’ची, म्हणजे डब्लिन कोअरमधल्या तारखेच्या गुणधर्माची, किंमत विचारा, साल काढा, एक ओळ छापा. ॲडमिनच्या पानावरही ओळ हवी असेल तर तिथल्या कंट्रोलरसाठी हेच वेगळं जोडावं लागतं.

साल काढताना माझी फजिती झाली ती सांगते. एका संग्रहासाठी असंच काही लिहिलं होतं. पहिल्यांदा चालवलं तर प्रत्येक अंकापुढे ‘इ. स. ७८’! सगळी मासिकं थेट शालिवाहनाच्या काळात. कारण साधं होतं. देवनागरी ‘१८१८’चं पूर्णांकात रूपांतर करायला सांगितलं की पीएचपी मुकाट्याने शून्य देतं, तक्रारही करत नाही. आणि शून्यात ७८ मिळवले की ७८. आधी ‘एसटीआरटीआर’ या फंक्शनने देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक (0 ते 9) करून घ्या.

मग हिशोब. नुसते ७८ मिळवून भागत नाही. चैत्र ते कार्तिक ७८, माघ-फाल्गुन ७९. मार्गशीर्ष आणि पौष दगा देतात, कारण १ जानेवारी कधी यात पडते, कधी त्यात. तिथी नसेल तर तिथे दोन्ही सालं दाखवा. महिनाच छापलेला नसेल तरी तसंच. तुमचा श्रावणाचा अंक १८९६चा, पण त्याच शके १८१८चा माघाचा अंक १८९७चा.

तपासायला दोन तारखा वापरा, त्या मराठी माणसाला पाठच असतात. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६, म्हणजे राज्याभिषेक : १६७४ आलं पाहिजे. फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे शिवजन्म : १६३० आलं पाहिजे, १६२९ आलं तर ७९चा नियम चुकलाय.

संवत्सराचं नावही वाया घालवू नका. शक वर्षात १२ मिळवा, ६०ने भागा, बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक (बाकी शून्य आली तर साठावा, क्षय). १८१८ अधिक १२ म्हणजे १८३०, बाकी ३०, आणि तिसावा दुर्मुख. जुळलं! जिथे जुळत नाही तिथे टाइप करणाऱ्याचा किंवा जुन्या छापखान्याचा हात घसरलाय. अशा अंकापुढे इसवी सन दाखवूच नका, ॲडमिनच्या पानावर ‘संवत्सर जुळत नाही’ एवढं दाखवा. कार्यवाहांना पटवायला याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

जेसन-एलडीमध्येही हे साल द्यावं असं पुढे वाटेल. त्यासाठी वेगळा इव्हेंट आहे, आणि तुम्ही घातलेल्या नव्या शब्दाची ओळखही जेसन-एलडीच्या ‘कॉन्टेक्स्ट’मध्ये नोंदवावी लागते, नाहीतर बाहेरच्या यंत्राला तो कळत नाही. ते दुसऱ्या आवृत्तीत करा. सध्या मार्गशीर्ष-पौषाचे अंक मोजून ठेवा. मासिक आहे, तेव्हा चारशेत साठ-सत्तर तरी निघतील, आणि तुमचे वाचक नेमके त्यांच्यावरच बोट ठेवतील.