अमेरिकेत कॉलेजकडून बास्केटबॉल खेळणाऱ्याचं पुढे काय होतं?

तुम्ही विचारलंय की मुलगा सतरा वर्षांचा आहे, अमेरिकेतल्या कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचं म्हणतो, तर यात करिअर असतं का आणि एनबीएपर्यंत, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगपर्यंत, नाही पोचला तर काय?

एम.एस. करताना मी दोन वर्षं आमच्या विद्यापीठातल्या खेळाडूंना स्टॅटिस्टिक्स शिकवायचो. संघ डिव्हिजन वनमधला, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातला होता, पण टीव्हीवर सारखा दिसणाऱ्यांपैकी नव्हता. मी जवळून पाहिलेली मुलं त्यामुळे बहुसंख्य खेळाडूंसारखीच होती.

एनबीएचं आधी सांगून टाकतो. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे साधारण ३६० संघ आहेत, म्हणजे खेळाडू साडेचार हजारांच्या वर. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा, दरवर्षी साठाच्या आसपास नावं पुकारली जातात आणि त्यात युरोपातून थेट आलेली मुलंही असतात. पैशांची हमी मिळते ती पहिल्या फेरीत निवड झालेल्यांना. फ्रेड व्हॅनव्हलीटसारखा एखादा २०१६ साली ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही तरी तीन वर्षांत टोरंटोच्या संघाकडून एनबीए विजेता होतो, पण त्याच्या भरवशावर आपल्या मुलाचे बेत आखू नयेत.

बहुतेकांच्या खेळाचं शिखर म्हणजे कॉलेजची ती चार वर्षंच. त्यानंतर इतकं मोठं स्टेडियम, इतके प्रेक्षक पुन्हा वाट्याला येत नाहीत. म्हणून त्या चार वर्षांतून काय हाती लागतं, ते महत्त्वाचं.

दिवस कसा असतो सांगतो. नियमाप्रमाणे सीझनमध्ये सराव आणि सामने मिळून आठवड्याला वीस तासांची मर्यादा आहे. प्रवास, फिजिओ, स्वतःहून केलेला बास्केटमध्ये चेंडू टाकण्याचा सराव हे त्यात धरत नाहीत. माझा एक विद्यार्थी गार्ड म्हणून खेळायचा, तिसऱ्या वर्षाला होता. बाहेरगावचा सामना खेळून पहाटे दोनला परत यायचा, सकाळी व्यायाम, मग वर्ग, आणि रात्री नऊला दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून माझ्यासमोर. प्रॉबॅबिलिटी काही केल्या त्याच्या डोक्यात शिरेना. शेवटी मी विचारलं, तुझे फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, दहात किती जातात? म्हणाला, सात. मग दोन मिळाले तर दोन्ही जाण्याची शक्यता काढ. त्याने ०.७ गुणिले ०.७ केलं. ०.४९. बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे मॅच माझ्या हातात असते तेव्हा नाणं उडवल्यासारखंच आहे?" त्या सेमिस्टरला तो बी ग्रेड घेऊन पास झाला. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

पुढे तो एक वर्ष युरोपातल्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळला. हा रस्ता बरेच जण धरतात: स्पेन, तुर्कस्तान, ग्रीस, जपान, ऑस्ट्रेलिया. घर आणि बऱ्याचदा गाडीही क्लब देतो. पण तिथल्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या असतात, त्यामुळे परदेशी खेळाडूने दर सामन्यात गुण केलेच पाहिजेत अशी अपेक्षा असते. चार सामने वाईट गेले की दुसरा आणतात. माझ्या विद्यार्थ्याचा तर गुडघाच गेला. परत आला तेव्हा हातात डिग्री होती. आज तो शाळेत गणित शिकवतो आणि संध्याकाळी तिथल्याच मुलांना कोचिंग करतो.

पैशांबद्दल एड ओबॅननची गोष्ट मुलाला जरूर सांगा. १९९५ मध्ये त्याने यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला कॉलेज बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, ड्राफ्टमध्ये नवव्या क्रमांकावर गेला. एनबीएत जेमतेम दोन सीझन टिकला, काही वर्षं परदेशात खेळला आणि मग लास व्हेगसजवळ गाड्या विकायची नोकरी धरली. एके दिवशी मित्राच्या घरी व्हिडिओ गेममध्ये त्याला स्वतःचाच खेळाडू दिसला. नाव नव्हतं, पण जर्सीचा नंबर तोच ३१, तसाच डावखुरा. कंपनीने गेम विकला, त्याला छदाम मिळाला नव्हता. २००९ मध्ये तो कोर्टात गेला. पुढे १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती घेण्याची मुभा मिळाली, त्यामागे त्याचाही लढा आहे. जून २०२५ मध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर कॉलेजं थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला, सगळे खेळ मिळून, सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हे व्हायलाच हवं होतं असं माझं ठाम मत आहे. मात्र यातला मोठा वाटा नामांकित संघांतल्या मोजक्या मुलांकडे जातो. आणि तुमचा मुलगा विद्यार्थी व्हिसावर असेल, तेव्हा काम करून कमाई करण्यावर बंधनं असतात. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही करारावर सही करू देऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती ट्रान्सफरची. २०२१ पर्यंत कॉलेज बदललं की सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. आता ते बंधन गेलंय. मुलं दर उन्हाळ्यात कॉलेज बदलतात, कधी पैशांसाठी, कधी कोचने बेंचवर बसवलं म्हणून. मुलांना हे स्वातंत्र्य मिळालं ते योग्यच आहे, कोच तर कायमच कॉलेजं बदलत आलेत. पण आधीच्या कॉलेजचे सगळे क्रेडिट, म्हणजे विषय पास झाल्यावर डिग्रीसाठी मिळणारे गुणांक, नवीन कॉलेज धरतंच असं नाही. एका मुलाला मी तिसऱ्या कॉलेजात आल्यावर शिकवलं. तीन वर्षं पूर्ण झाली होती, आणि हिशेब केला तर डिग्रीच्या दृष्टीने जेमतेम दीड वर्षाचे क्रेडिट हाताशी होते. अभ्यासात मुळीच कच्चा नव्हता तो. विषय निवडताना त्याच्या शेजारी कोणी बसलंच नव्हतं. खेळायचे सीझन ठरावीकच; ते संपले की स्कॉलरशिप पुढे चालू राहीलच असं नाही, आणि उरलेली फी आपल्या खिशातून भरायची वेळ येऊ शकते.

एनबीएचा आजचा मोठा स्टार स्टीफन करीसुद्धा २००९ मध्ये डेव्हिडसन कॉलेज एक वर्ष आधी सोडून एनबीएत गेला, आणि उरलेली डिग्री त्याने २०२२ मध्ये पूर्ण केली. त्याला पैशांसाठी ती लागणार नव्हती, तरी केली.

तुमच्या मुलासाठी आत्ताचं काम: डिव्हिजन वनला ठरावीक सोळा विषयांची अट असते आणि त्यासाठी नववीपासूनचे मार्क बघतात, तेव्हा जुनी मार्कशीटं शोधून ठेवा. डिव्हिजन थ्री म्हणजे सगळ्यात खालच्या गटात, आणि आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी स्कॉलरशिप नसते, हेही आधीच माहीत असू द्या. आणि एखाद्या कोचचा फोन आला तर पदवी घेणाऱ्यांचं प्रमाण विचारा. तो बहुधा एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा, छापील आकडा सांगेल. त्यात पास होत असताना कॉलेज सोडून गेलेली मुलं मोजतच नाहीत, त्यामुळे आकडा चांगलाच दिसतो. मग पुढचा प्रश्न मुलालाच विचारू द्या: मागच्या पाच वर्षांत तुम्ही शाळेतून थेट घेतलेल्या मुलांपैकी किती जण तुमच्याच कॉलेजातून डिग्री घेऊन बाहेर पडले, आणि त्यांतल्या दोघांशी मला बोलता येईल का?