देणगीदाराने जाहीर केलेली रक्कम नाकारली आणि दिलेली परत मागितली, तर संस्थेने काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या गावात तुमच्या संस्थेची शाळा आहे. मुंबईत मोठा व्यवसाय असलेल्या गावच्याच एका गृहस्थांनी वर्धापनदिनाला व्यासपीठावरून सभागृहासाठी ३० लाख जाहीर केले. १० लाख दिले, तुम्ही काम काढलं, आणि आता ते म्हणतात की उरलेले २० देणार नाही, उलट दिलेले १० व्याजासह परत करा. वकिलाची नोटीस आली आहे. दावा लावता येतो का, आणि ज्यांनी दिलं त्यांच्यावरच दावा लावणं शोभतं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी वकील नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्याच एका छोट्या संस्थेचा ११ वर्षं कार्यवाह होतो आणि जवळजवळ अशाच भांडणातून आमची संस्था गेली. त्या दोन वर्षांत जे शिकलो ते सांगतो. नोटिशीचं उत्तर मात्र वकिलाकडूनच जाऊ द्या, आणि मुदतीत जाऊ द्या.

‘चार माणसांत शब्द दिला, आता दिलाच पाहिजे’ हा गावाचा न्याय झाला. १८७२ चा करार कायदा तसं म्हणत नाही. त्याचं कलम २५ सांगतं की मोबदला नसलेला करार, काही मोजके अपवाद सोडले तर, रद्दबातल. देणगीदाराला बदल्यात काहीच मिळायचं नसतं, म्हणून नुसत्या घोषणेवर कोर्टात पैसे वसूल होत नाहीत. टाळ्या झाल्या, शाल-श्रीफळ दिलं, वर्तमानपत्रात फोटो आला, तरीही नाही.

पण याला एक मोठी वाट आहे, आणि ती १८८६ सालच्या कलकत्ता हायकोर्टाच्या निकालातून निघते. हावड्याला टाऊन हॉल बांधायचा होता, त्यासाठी वर्गणीची वही फिरली. गोरी महंमद नावाच्या गृहस्थांनी १०० रुपयांपुढे सही केली. त्या आकड्यांच्या भरवशावर समितीने ठेकेदाराला काम दिलं, अंदाजपत्रक २६,००० वरून ४०,००० वर गेलं, आणि वसुलीच्या वेळी हे गृहस्थ देईनात. समितीकडून केदारनाथ भट्टाचार्य कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टाचं म्हणणं असं की सही करणाऱ्याला ठाऊक होतं, या पैशांच्या भरवशावर ठेकेदाराला काम दिलं जाणार आहे. त्याच्या सांगण्यावरून संस्थेने स्वतःवर देणं ओढवून घेतलं, तोच मोबदला.

याच्या उलट १९१४ चा अलाहाबादचा निकाल. मशिदीच्या दुरुस्तीसाठी एकाने ५०० रुपये कबूल केले होते, पण त्या शब्दावर विसंबून कुणी काहीच केलं नव्हतं. दावा फेटाळला. आणि १९३६ चा मद्रासचा निकाल तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. तिथे देवळाच्या दुरुस्तीचं काम आधीच चालू होतं, १२५ रुपयांची वर्गणी नंतर मांडली गेली. कोर्ट म्हणालं, काम या शब्दामुळे निघालेलं नाही. दावा फेटाळला.

म्हणजे तुमचं सगळं दोन तारखांवर येऊन थांबतं. शब्द कधी दिला आणि ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा लेखी आदेश, कधी दिला. घोषणा आधी, ती प्रोसीडिंग बुकात (सभांच्या इतिवृत्ताच्या वहीत) नोंदलेली, मग देणगीदाराला पत्र की ‘आपल्या ३० लाखांच्या आश्वासनानुसार काम सुरू करीत आहोत’, त्यांचं उत्तर किंवा निदान पहिला हप्ता, आणि नंतर कार्यादेश, असा क्रम कागदावर दिसत असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. पाया आधीच भरला होता आणि घोषणा नंतर झाली असेल, तर वकिलाला हे पहिल्या भेटीतच सांगा, लपवू नका.

आता त्यांनी मागितलेल्या १० लाखांबद्दल. कलम २५ च्या खाली स्पष्टीकरण आहे की प्रत्यक्ष दिलेल्या दानाला हे कलम लागू होत नाही. चेक वटला, पावती फाडली, दान पुरं झालं. ते पैसे आता अध्यक्षांचे नाहीत, कार्यकारी मंडळाचेही नाहीत, न्यासाचे, म्हणजे ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेचे आहेत. म्हणून ‘कटकट नको, देऊन टाकू परत’ असा ठराव घाईने करू नका. न्यासाचा पैसा असा वाटून टाकला तर उद्या धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांनाच खुलासा द्यावा लागतो. शिवाय देणगीदारांनी तुमच्या पावतीवर आयकराची ८०जीची सवलत घेतली आहे का, तेही पाहा. ती सवलत प्रत्यक्ष दिलेल्या रकमेवरच मिळते, नुसत्या जाहीर केलेल्या रकमेवर नाही. विवरणपत्रात जे दान म्हणून दाखवलं, ते मुळात दान नव्हतंच असं पुढे म्हणणं कुणालाही जड जातं.

मात्र एक अपवाद आहे, आणि आमची गोष्ट त्यातलीच. देताना अट घातली असेल, ती तुम्ही मान्य केली असेल आणि नंतर मोडली असेल, तर परत मागण्याचा त्यांचा हक्क पोकळ नाही.

आमच्याकडे प्रयोगशाळेची इमारत होती. देणगीदार गावचेच, लहानपणी अनवाणी शाळेत आलेले, पुढे मुंबईत कारखाना काढला. २० लाख जाहीर केले, ६ दिले. चिऱ्याचं जोतं झालं, कॉलमच्या सळ्या वर आल्या, आणि पैसे थांबले. एक आख्खा पावसाळा त्या सळ्या उघड्या राहिल्या. आम्ही ताडपत्री बांधली होती, ती श्रावणातल्या वाऱ्याने फाटली. गंजाचं लाल पाणी जोत्यावरून वाहत शाळेच्या पायऱ्यांपर्यंत यायचं आणि मुलांच्या पांढऱ्या मोज्यांना डाग पडायचे. ते बघून मला रात्री झोप यायची नाही. संताप त्यांच्यावर होता. एवढा पैसा असून माणूस असं कसं करतो, असं मी सभेत बोललोही.

मग त्यांची नोटीस आली. मी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, सकाळी त्यांच्या कचेरीत बसलो. त्यांनी आवाज चढवला नाही. एक फाईल काढली, त्यातलं एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. आमच्या संस्थेचं लेटरहेड, आमचा जावक क्रमांक, खाली माझ्या आधीच्या कार्यवाहांची सही. ‘इमारतीस आपल्या मातोश्रींचे नाव देण्याचे कार्यकारी मंडळाने एकमताने ठरविले आहे.’ त्याच पानाला त्यांनी एक फोटो टाचला होता : आमच्या बांधकामासमोर लावलेला फलक. मधल्या काळात दुसरीकडून थोडा निधी मिळाला होता आणि आमच्या लोकांनी उत्साहाने त्या निधीवाल्यांचं नाव मोठ्या अक्षरात रंगवलं होतं. आईचं नाव कुठेच नव्हतं. गावातल्याच कुणीतरी तो फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला होता. ते एवढंच म्हणाले, ‘आईने दुसऱ्यांची भांडी घासून मला मॅट्रिक केलं. मला तुमचा हिशेब नको, मला तो फलक सांगा.’

मला काही बोलता आलं नाही. ते पत्र आमच्या दप्तरात होतंच, कुणी उघडून बघितलं नव्हतं.

असं फक्त कोकणात होतं असं नाही. अमेरिकेतला गायक गार्थ ब्रूक्स याने २००५ मध्ये ओक्लाहोमातल्या आपल्या गावच्या रुग्णालयाला ५ लाख डॉलर दिले. इमारतीला आपल्या दिवंगत आईचं नाव मिळेल, असं त्याला सांगितलं गेल्याचं त्याचं म्हणणं होतं. नाव दिलं नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१२ मध्ये ज्युरीने त्याला ५ लाख परत आणि वर दंडापोटी आणखी ५ लाख डॉलर मंजूर केले. तिथला कायदा वेगळा, इथे तसाच निकाल लागेल असं मी म्हणत नाही. पण नाव देण्याचा शब्द हाही शब्दच असतो, हे संस्थावाले विसरतात.

म्हणून तुमच्या नोटिशीत रागाचं कारण नीट वाचा. तुम्ही लिहिलंय की ‘मूळ उद्देशात बदल केल्याने’ असं एक वाक्य त्यात आहे. हे वाक्य वकिलाने सवयीने घातलेलं नसावं. सभागृहाचा आराखडा बदलला का? तळमजल्यावर भाड्याचे गाळे काढलेत का? उद्घाटनाला दुसऱ्या कुणाला बोलवायचं ठरलं का? मंडळातल्या कुणाला तरी हे ठाऊक असणारच.

दावा लावायचाच झाला तर दोन-तीन गोष्टी आत्ताच बघून ठेवा. मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि त्यांनी स्पष्ट नकार दिला तेव्हापासून धरली जाते, म्हणून ते नोटिशीचं पाकीटसुद्धा टाकू नका. दुसरं, रत्नागिरीच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परिशिष्ट एकचा उतारा काढा, म्हणजे सरकारदरबारी तुमचे विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते कळेल. आपल्याकडे गावोगावच्या संस्थांत फेरफार अहवाल (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज) वर्षानुवर्षं दाखलच होत नाहीत किंवा पडून राहतात. कागदावरचे निम्मे विश्वस्त वारलेले असतात आणि जे काम बघतात त्यांची नावंच चढलेली नसतात. समोरचा वकील पहिला हल्ला तिथेच करतो : दावा लावणारे तुम्ही कोण? आमचा यातच पाऊण वर्ष वेळ गेला. तिसरं, दाव्याचा ठराव रीतसर नोटीस काढून, कोरम भरून करा, आणि कोण सही करणार ते त्यात लिहा.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे की त्यांनी मैदानासाठी जागाही देऊ केली होती. ती विसरून जा. स्थावर मालमत्तेचं बक्षीसपत्र लेखी, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं असल्याशिवाय होतच नाही, आणि दाता हयात असतानाच ते स्वीकारावं लागतं. तोंडी दिलेली जागा कायद्याच्या नजरेत दिलेलीच नाही. त्यात आपले सातबारे सामाईक, भाऊबंद मुंबईत, पुण्यात. शेतजमीन शेतकरी नसलेल्या संस्थेला द्यायची तर कुळकायद्याच्या कलम ६३ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. या जागेचा उल्लेख तुमच्या उत्तरात घातलात तर उगाच तुमचीच बाजू ढिली दिसेल.

आता शोभतं का, हा तुमचा खरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे. ठेकेदाराचं बिल थकलेलं असेल तर दावा लावण्यात काही लाजिरवाणं नाही. चिरा उतरवणाऱ्या गड्याची मजुरी त्या शब्दावर अडकलेली असते, आणि तो शब्द मोठ्या माणसाने दिला होता. ज्याला ३० लाख सहज देता येतात त्याने ते न देण्याची झळ गवंड्याने सोसावी, हे मला मान्य नाही. पण काम थांबवता येण्यासारखं असेल आणि देणं कुणाचं उरलेलं नसेल, तर मी दावा लावणार नाही. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी पतितपावन मंदिर बांधून दिलं, १९३१ साली. आजही लोक ते नाव आदराने घेतात. आपल्या शाळा, वाचनालयं, धर्मशाळा अशाच माणसांच्या पैशावर उभ्या राहिल्या आहेत. पुढचा देणगीदार तुमच्या गावाकडे बघतोय, हे विसरून चालत नाही.

आमचं पुढे काय झालं ते सांगतो. फलक मी स्वतः उभं राहून उतरवला. मंडळाने माफीचं पत्र दिलं. त्यांनी नोटीस मागे घेतली आणि आम्ही साध्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं : स्लॅब पडल्यावर इतके, प्लास्टरनंतर इतके, पैसे थेट संस्थेच्या खात्यात, आणि नाव कोणत्या भिंतीवर, किती मोठ्या अक्षरात. कबूल केलेल्या २० लाखांपैकी एकूण १४ आले. मधल्या काळात त्यांचा धंदा खाली गेला होता हे आम्हाला नंतर कळलं, त्यांनी तेव्हा ते सांगितलं नव्हतं. वरचा मजला अजून झालेला नाही. प्रयोगशाळा चालू आहे. दारावर काळ्या दगडात ‘कै.’ आणि त्या बाईंचं नाव आहे, त्याखाली कुणाचंही नाही.

तेव्हा वकिलाचं उत्तर जाण्याआधी तुमच्यातल्या एकाने, शक्यतो ज्याच्याशी त्यांचं जुनं नातं आहे त्याने, प्रत्यक्ष जाऊन भेटावं. सोबत प्रोसीडिंग बुकातल्या त्या पानाची झेरॉक्स, सगळी जावक पत्रं आणि आजवरच्या खर्चाचा हिशेब. तिथे कसलीही सही करू नका, फक्त ऐकून या. आणि घोषणेची तारीख व कार्यादेशाची तारीख, या दोन तारखा मला कळवा. त्यानंतर पुढचं जरा नेमकं सांगता येईल.