दिशांना रंग असतात का?

प्रिय सई,

परवा फोनवर विचारलंस, "बाबा, माया लोकांच्या दिशांना रंग होते, मग आपल्या का नाहीत?" मी "घरी आल्यावर सांगतो" म्हणून सुटलो. पण मी ह्यूस्टनला पोचेपर्यंत तू विसरशील, म्हणून मेक्सिको सिटीच्या हॉटेलातूनच लिहितोय.

मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या माया लोकांच्या दिशांचा तुझा तक्ता बरोबर आहे. पूर्व तांबडी, उत्तर पांढरी, पश्चिम काळी, दक्षिण पिवळी. मक्याच्या कणसांचेही हेच रंग. आज नाश्त्याला काळसर निळ्या मक्याची तोर्तिया खाल्ली. आपल्या भाकरीपेक्षा पातळ, चव तव्याची. तक्त्यात मधोमध मायांचं जगाच्या मध्यावरचं झाड आहे, ते तू हिरवं रंगवलंस आणि तुझ्या मैत्रिणीने निळं, त्यावरून भांडू नका. मायांच्या भाषेत दोन्हीला 'याश' हा एकच शब्द. आणि ते झाड म्हणजे आपली पांढरी सावर.

दुपारी तेंप्लो मायोर हे जुनं पडकं देऊळ पाहिलं. ते मायांचं नव्हे, पूर्वी इथे राज्य करणाऱ्या अ‍ॅझ्टेक लोकांचं. १९७८ मध्ये रस्ता खणताना वीज कामगारांना कोरीव दगड लागला, मग मोठं उत्खनन झालं. एकाच उंच चौथऱ्यावर दोन देवळं होती: उत्तरेला पावसाच्या त्लालोकचं, दक्षिणेला युद्धदेवाचं. त्लालोकच्या दारात उताणी रेललेली दगडी मूर्ती आहे, पोटावर नैवेद्याचं भांडं. तिच्यावरचा रंग अजून दिसतो! शेजारच्या देवळापुढे माणसांचा बळी द्यायचा दगड आहे. तेही सांगायलाच हवं. गावाला त्यांचा शब्द 'आल्तेपेत्ल', म्हणजे पाणी आणि डोंगर. डोंगराच्या पोटात पाणी असतं असं ते मानत, म्हणून देऊळही डोंगरासारखं रचलेलं.

आता आपलं. पोथ्यांत दिक्पालांना रंग दिलेत, पण घरात ते कुणाच्या लक्षात नसतात. आपले रंग दिशेला नाहीत, ठिकाणाला आहेत. जेजुरी पिवळी, खंडोबाच्या भंडाऱ्याने. जोतिबाचा डोंगर गुलालाने गुलाबी. पंढरपूरचा काळा बुक्का. जेजुरीच्या पायऱ्यांवर तुझ्या केसांत हळद गेली होती, आठवतं? त्या पांढऱ्या फ्रॉकचा डाग आईने तीनदा धुतला, अजून आहे.

दिशेबद्दल आपल्याकडे रंगाऐवजी शिस्त असते. रविवारी आजीचा फोन येईल, तेव्हा दक्षिणेकडे पाय करून झोपत नाहीस एवढं सांग. खरं असो वा नसो.

तुझा
बाबा