मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्‌स कार घेताना ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटीच्या कोणत्या सोयींसाठी जास्तीचे पैसे मोजावेत?

आपण न्यू जर्सीत राहता, आजवर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच चालवल्या आहेत, आणि आता माझदा एमएक्स-५, टोयोटा जीआर८६ किंवा होंडा एस२००० यांपैकी एक वापरलेली गाडी घेण्याच्या विचारात आहात. जाहिरातींत लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल, ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल, ट्रॅक मोड असे शब्द येतात. त्यांतले काय असायलाच हवे आणि कशाशिवाय भागेल, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. मागच्या चाकांची ही आपली पहिलीच गाडी असल्यामुळे स्टॅबिलिटी कंट्रोल नसलेली गाडी घेऊ नये. यांत्रिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल कारखान्यातूनच बसवून आलेले असेल तर त्यासाठी थोडे जास्त मोजावेत. बाकीच्या मोडांसाठी वेगळे पैसे मोजण्याऐवजी ते टायरांसाठी राखून ठेवावेत.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल ही नावे जाहिरातींत जोडीने येत असली तरी त्यांची कामे वेगळी आहेत, आणि हा फरक मी पुस्तकातून नव्हे तर गवतात उलट तोंडाने उभा राहून शिकलो. माझ्याकडे २००२ ची एस२००० होती. ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी ओहायोतल्या एका हायवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर, नुकत्याच सुरू झालेल्या पावसात, गाडी थोडी जास्त वेगात असल्याचे माझ्या लक्षात आले आणि मी ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. पुढच्या चाकांच्या गाडीत ही सवय सहसा अंगावर येत नाही, उलट बऱ्याचदा वाचवते. इथे मात्र पाय उचलताच गाडीचे वजन पुढे झुकले, मागची चाके हलकी झाली आणि मागचा भाग बाहेर निघाला. स्टीअरिंग उलट फिरवेपर्यंत उशीर झाला होता. गाडी गिरकी घेऊन रॅम्पच्या आतल्या गवतात थांबली. नुकसान काहीच झाले नाही, पण पुढचे कित्येक दिवस चाकांच्या आतल्या बाजूने वाळलेले गवत निघत होते.

आता पाहा, त्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल असते तरी त्या क्षणी त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. इंजिनाच्या जोराने गाडी ओढणारी चाके जागच्या जागी फिरू लागली, तर इंजिनाचा जोर कमी करणे किंवा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावणे, एवढेच ट्रॅक्शन कंट्रोलचे काम. मी तर जोर काढून घेतला होता. स्टॅबिलिटी कंट्रोल याच्या पलीकडे पाहते. चालकाला गाडी कुठे न्यायची आहे हे ते स्टीअरिंगच्या कोनावरून ओळखते, आणि गाडी स्वतःभोवती प्रत्यक्षात किती वेगाने वळत आहे हे एका वेगळ्या संवेदकाकडून घेते. या दोहोंत फारकत पडली की ते एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावते. मागचा भाग बाहेर निघत असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला, आणि पुढचा भाग वळायला तयार नसेल तर आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. माणसाकडे ब्रेकचे पेडल एकच असते, त्यामुळे हे काम कितीही कसलेल्या चालकाला करता येत नाही.

ही यंत्रणा १९९५ मध्ये मर्सिडीझच्या एस वर्गाच्या महागड्या कूपेत आली. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या चाचणीत मर्सिडीझचीच छोटी ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीने ती छोट्या गाडीतही सरसकट दिली. अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या प्रत्येक हलक्या वाहनात ती सक्तीची आहे. हा नियम करताना तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने अंदाज मांडला होता की, एकाच गाडीचा समावेश असलेले मोटारींचे अपघात तिच्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी होतील. आपल्या यादीला हे लावले तर २०१६ पासूनची एमएक्स-५ आणि २०२२ पासूनची जीआर८६ यांत स्टॅबिलिटी कंट्रोल असणारच. त्या गाड्यांच्या जाहिरातीत ते ठळक अक्षरांत छापणारा विक्रेता आपल्याला चाके चार आहेत एवढेच सांगतो आहे. प्रश्न फक्त एस२००० चा उरतो. अमेरिकेत तिला स्टॅबिलिटी कंट्रोल २००६ च्या मॉडेलपासून मिळाले. त्याआधीची एस२००० घेऊ नका असे तिच्यावर जीव असूनही मी म्हणतो, कारण ही सोय नंतर बाहेरून बसवता येत नाही.

डिफरन्शिअलचे प्रकरण मला अधिक रोचक वाटते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही गिअरांची पेटी लागते. साध्या डिफरन्शिअलची खोड अशी की ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देते, त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याच्या कुवतीएवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो. गावाकडे चिखलात रुतलेला ट्रॅक्टर ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको: एक चाक जागेवर गरगर फिरून चिखल उडवते, दुसरे ढिम्म उभे, आणि चालकाने डिफरन्शिअल लॉकचे पेडल दाबले की दोन्ही चाके एकदम ओढू लागतात. रस्त्यावरच्या गाडीला तसे कायमचे कुलूप लावता येत नाही, कारण मग ती धड वळणारच नाही. लिमिटेड-स्लिप हा त्यातला मधला मार्ग आहे: चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू द्यायचे, पण एकाला मोकाट फिरू द्यायचे नाही.

त्याचा परिणाम अगदी जवळून पाहायचा असेल तर एखाद्या रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू मांडून होणाऱ्या ऑटोक्रॉसला जावे. माझी सध्याची एमएक्स-५ ‘क्लब’ या मॉडेलची आहे, आणि तिच्यात लिमिटेड-स्लिप आहे. माझ्या एका मित्राकडे त्याच पिढीचे ‘स्पोर्ट’ मॉडेल आहे, त्यात साधे डिफरन्शिअल आहे. दुसऱ्या गिअरमधल्या घट्ट वळणातून बाहेर पडताना त्याच्या गाडीचे आतले मागचे चाक हलके होऊन किंचाळते, इंजिनाचा आवाज चढतो, रबराचा वास येतो आणि गाडी मात्र क्षणभर तिथेच रेंगाळते. माझी त्याच जागी थोडी बाहेर सरकून निमूटपणे निघून जाते. रोज ऑफिसला जाता-येता हा फरक क्वचितच जाणवेल. हिवाळ्यात एक चाक बर्फावर आणि दुसरे कोरड्या डांबरावर असताना मात्र तो नक्की जाणवतो.

इथे एक गोष्ट जाहिराती सांगत नाहीत. निसरड्या रस्त्यावर जोर जास्त झाला तर साध्या डिफरन्शिअलच्या गाडीत सहसा एकच चाक फिरते आणि दुसरे गाडीला बाजूला घसरण्यापासून धरून ठेवते. लिमिटेड-स्लिप असेल तर दोन्ही चाके एकदम पकड सोडू शकतात आणि मागचा भाग बाहेर येतो. म्हणून नवख्या चालकाने लिमिटेड-स्लिप आणि स्टॅबिलिटी कंट्रोल यांची जोडी फोडू नये असे माझे मत आहे. माझ्या जुन्या एस२००० मध्ये पहिले होते आणि दुसरे नव्हते.

जीआर८६ मध्ये गिअरांच्या जोरावर चालणारे टॉर्सन जातीचे लिमिटेड-स्लिप सर्व मॉडेलांत येते, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच नाही. त्याची एक मर्यादा अशी की एक चाक पूर्ण हवेत गेले तर ते हतबल होते, कारण कमी पकडीच्या चाकाला मिळणाऱ्या जोराच्या काही पट जोर ते दुसऱ्याला देते, आणि शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ट्रॅक्शन कंट्रोल त्या हवेतल्या चाकाला ब्रेक लावून थोडा विरोध पुरवते, आणि दोघे मिळून काम भागवतात. मस्टँगसारख्या काही गाड्यांत चकत्यांचे लिमिटेड-स्लिप असते; ते झिजते आणि त्याचे तेल विशिष्टच लागते, एवढे लक्षात असू द्यावे.

एमएक्स-५ मध्ये मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. अमेरिकेतल्या सध्याच्या पिढीत स्पोर्टमध्ये लिमिटेड-स्लिप नाही, मॅन्युअल गिअरच्या क्लबमध्ये आहे, आणि ऑटोमॅटिक असेल तर क्लबमध्येही नाही. ग्रँड टूरिंगमध्ये हे वर्षागणिक बदलत गेले, तेव्हा विक्रेत्याच्या शब्दावर न जाता त्या गाडीचा कारखान्यातला मूळ तपशील चॅसी क्रमांकावरून काढून घ्यावा. मागची चाके उचलून एक हाताने फिरवायचे आणि दुसरे उलट फिरते का ते पाहायचे (उलट फिरले तर डिफरन्शिअल साधे), ही गॅरेजमधली युक्ती चकत्यांच्या जातीसाठी चालते. टॉर्सन जातीला भार नसताना ती अनेकदा फसवते.

२०२२ च्या मॉडेलपासून एमएक्स-५ मध्ये एक नवी सोय आली: वळणात आतल्या मागच्या चाकाला अगदी हलका ब्रेक लावून गाडीचा मागचा भाग उचलला जाऊ न देणे. त्यासाठी वेगळा सुटा भाग नाही, वजन वाढत नाही, आणि घाटासारख्या वळणांवर गाडी खरोखर अधिक बसल्यासारखी वाटते. तरीही केवळ तेवढ्यासाठी २०२१ ची चांगली गाडी सोडून २०२२ ची घ्यावी असे मला वाटत नाही.

मोडांविषयी एवढेच विचारावे की पूर्ण चालू आणि पूर्ण बंद यांच्यामध्ये एखादी पायरी आहे का. जीआर८६ च्या ट्रॅक मोडमध्ये आणि २०२४ पासूनच्या मॅन्युअल क्लब व ग्रँड टूरिंग एमएक्स-५ मधल्या तशाच मोडमध्ये गाडीला थोडे घसरू दिले जाते आणि हाताबाहेर जाण्याच्या बेतात असताना मदत येते. शिकणाऱ्यासाठी ही पायरी उपयोगाची आहे, पण ती बंद मैदानावर वापरावी. सार्वजनिक रस्त्यावर मी आजही बटणाला हात लावत नाही.

आता टायर. वरच्या सगळ्या यंत्रणा आहे तीच पकड चाकांमध्ये वाटून देतात. नवी पकड त्यांतली एकही निर्माण करत नाही. उन्हाळी टायरांचे रबर सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, म्हणजे न्यू जर्सीत नोव्हेंबर ते मार्च ते आपल्या कामाचे नाहीत. त्या काळासाठी हिवाळी टायरांचा वेगळा संच ठेवावा. जीआर८६ पाहताना चाकाचा आकारही पाहावा: २०२२ च्या साध्या मॉडेलला १७ इंची चाकांवर मिशेलिनचे प्रायमसी टायर येत, जे शांत स्वभावाचे आणि कमी पकडीचे आहेत, तर वरच्या मॉडेलला १८ इंचीवर पायलट स्पोर्ट ४ येत. टायरच्या बाजूवरच्या संकेताचे शेवटचे चार अंक वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गिरकी घेतल्यावर मी माझ्या टायरांवरचे ते अंक पहिल्यांदा वाचले, आणि मागचे दोन्ही सात वर्षांचे निघाले. पुढे-मागे भलत्याच मापांचे किंवा झिजेत फार फरक असलेले टायर असतील तर चाकांच्या गतीची तुलना करणाऱ्या यंत्रणाही गोंधळतात.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी चावी दिल्यावर, घसरत्या गाडीचे चित्र असलेला पिवळा दिवा लागून काही क्षणांनी विझतो का ते पाहा. तो मुळी लागलाच नाही तर कोणीतरी बिघाड झाकला आहे अशी शंका घ्यावी. सरळ रस्त्यावर स्टीअरिंग तिरके राहत असेल तर स्टीअरिंगच्या कोनाचा संवेदक चाके जुळवल्यानंतर पुन्हा शून्यावर आणलेला नाही, असे असू शकते. शेवटी, विक्रेत्याची परवानगी घेऊन, पावसानंतर ओल्या राहिलेल्या रिकाम्या पार्किंगमध्ये पहिल्या गिअरमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर थोडा जास्त दाबावा. तो पिवळा दिवा लुकलुकला, इंजिनाचा आवाज दबला आणि पायाखाली ब्रेकची बारीक थरथर जाणवली, तर यंत्रणा जागी आहे.