विहिरीतून पूर आला, भाऊ!

प्रश्न : भाऊ, ड्वार्फ फोर्ट्रेस या कॉम्प्युटर गेममध्ये ड्वार्फांसाठी, म्हणजे बुटक्यांसाठी, डोंगर पोखरून किल्ला केलाय. नदी वर, जेवणाचा हॉल तिच्या पाच मजले खाली. हॉलखाली हौद खणला, नदीपासून बोगदा काढून पाणी सोडलं, हॉलमध्ये विहीर बसवली. वाटलं हौद भरला की थांबेल, तर विहिरीच्या तोंडातूनच पाणी उसळलं, निम्मे ड्वार्फ जेवता जेवता बुडाले. हा बग, म्हणजे गेममधली चूक, आहे का?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : बग कसला भो, दाब आहे तो. केळीच्या बागेत टाकी उंचावर असते ना, पाइप खालून कितीही फिरवून आण, तोंड टाकीच्या खाली असलं की पाणी येणारच. गेममध्ये प्रत्येक चौकोनातलं पाणी १ ते ७ असं मोजतात, ७ झालं की चौकोन गच्च, आणि मागून येतच राहिलं तर ते वाट शोधत जवळजवळ नदीच्या पातळीपर्यंत वर चढतं, मग मध्ये तुझा हॉल येवो नाहीतर राजाची खोली.

आता उपाय, पण फिजिक्सच्या सरांना सांगू नको. बोगद्यात एका जागी दोन चौकोन असे खण की ते फक्त कोपऱ्याला कोपरा लागतील, बाजूला बाजू नाही. गेममध्ये पाणी तिरपं जातं पण दाब तिरपा जात नाही! खऱ्या पाइपात असं कुठं होतं? फक्त ही तिरपी जागा हौदाच्याच मजल्यावर ठेव. मी पहिल्यांदा ती वर नदीजवळ केली, खूश झालो, आणि तिथून खाली पडणाऱ्या पाण्याने परत दाब धरला, विहीर परत उसळली. लिव्हरने उघडबंद होणारं फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवायचं दार, आधी बसव, मगच नदी फोड.

गेममधला मॅग्मा, म्हणजे वितळलेला दगड, त्या मानाने गरीब, पंपाने ढकलला नाही तर त्याला दाबच नसतो. आपल्या पांझरा नदीवरच्या फडांत, म्हणजे बंधाऱ्यावर भिजणाऱ्या शेतांत, बंधाऱ्याचं पाणी पाटाने, चाऱ्यांनी नुसतं उताराने जातं, तसा तो जातो. मात्र पाण्याला भिडला की तिथल्या तिथे ऑब्सिडियन, म्हणजे काळा दगड, आणि बोगदा बंद.

प्रश्न : याच गेममध्ये वॉटर व्हीलने, म्हणजे पाण्याने फिरणाऱ्या चाकाने, पंप चालवायचा, पंपाने उचललेलं पाणी परत त्याच व्हीलखाली सोडायचं. खरंच चालतं का?
– एक वाचक, शिरपूर

उत्तर : चालतं, लाजही वाटत नाही त्याला. व्हील १०० पॉवर देतं, स्क्रू पंपाला लागते १०. सुरुवातीला एका ड्वार्फला हाताने पंप मारायला लाव, पाणी फिरलं की त्याला सोड जेवायला, बाकीच्या पॉवरवर गिरणी लाव. इथं आपण मोटर चालू करायला रात्री दोनला बॅटरी घेऊन शेतात जातो आणि त्या बुटक्यांना चोवीस तास लाईट.