ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात कर

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूडच्या चित्रपट कंपनीच्या इतिहासावरचे तुझे पहिले प्रकरण दोनदा वाचले. मेहनत दिसते, पण चित्रपट, नटनट्या आणि पुरस्कार यांची जी रांग तू लावली आहेस, तिच्यातून ही कंपनी चालत कशी होती हे कळत नाही. स्टुडिओचा इतिहास लिहिणाऱ्याने आधी तिकीटखिडकी, कर्ज आणि यंत्रे पाहावीत, असे माझे मत आहे.

तू १९२३ सालच्या नोंदणीपासून आरंभ करतोस आणि त्याआधीची वीस वर्षे एका वाक्यात उरकतोस. कंपनी काढणारे चार भाऊ, हॅरी, अल्बर्ट, सॅम आणि जॅक, हे पोलंडमधून अमेरिकेत आलेल्या, जोडे शिवून पोट भरणाऱ्या एका ज्यू माणसाचे मुलगे. त्यांनी आधी एक प्रक्षेपक (प्रोजेक्टर) घेऊन ओहायो आणि पेनसिल्व्हेनियातल्या गावोगावी खेळ दाखवले आणि मग न्यू कॅसल गावात छोटे चित्रपटगृह थाटले. त्यासाठी शेजारच्या अंत्यविधीवाल्याकडून खुर्च्या आणल्याचे सांगतात. ही कथा तू गाळलीस, याचे मला वाईट वाटले. ही माणसे मुळात खेळ दाखवणारी होती, निर्मितीत ती नंतर उतरली, आणि पुढचे बरेच काही त्यातूनच उलगडते.

‘व्हायटाफोन’चेच घे. सॅमच्या आग्रहाखातर कंपनी या ध्वनियंत्रणेत उतरली, हे तू बरोबर लिहिले आहेस. पण नट बोलावेत म्हणून हा खटाटोप झाला, हे तुझे विधान चुकीचे आहे. हॅरीला हवे होते संगीत. मोठ्या शहरातल्या भव्य चित्रपटगृहात मूकपटाला साथ द्यायला वाद्यवृंद असे, लहान गावात मात्र जेमतेम एक पियानो. तोच वाद्यवृंद तबकडीवरून सर्वत्र पोहोचवता आला तर लहान चित्रपटगृहांचा धंदा वाढेल, हा हिशेब होता. म्हणूनच ऑगस्ट १९२६ मध्ये दाखवलेल्या ‘डॉन वॉन’मध्ये संगीत आणि आवाज आहेत, पण संवाद नाहीत. ६ ऑक्टोबर १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्येही बोलणे थोडेच आहे, बाकी काम पडद्यावरच्या लिखित पाट्यांवर भागवले आहे. सॅम आदल्याच दिवशी वारला आणि पहिल्या खेळाच्या रात्री उरलेल्या तिघांपैकी एकही भाऊ न्यूयॉर्कमध्ये नव्हता. एवढ्या मोठ्या घटनेला तू दीड ओळ दिली आहेस.

ती तबकडी डोळ्यांसमोर आण. व्यास १६ इंच, गती मिनिटाला ३३⅓ फेरे, एका रिळाला एक तबकडी, म्हणजे सुमारे अकरा मिनिटे. सुई आतून बाहेर सरके. सुई खुणेवर आणि फिल्मची ठरावीक चौकट प्रक्षेपकाच्या झरोक्यात, असे जुळवून प्रक्षेपक चालवणाऱ्याला दोन्ही यंत्रे एकदम सुरू करावी लागत. तबकडी वीसेक खेळांत झिजे, म्हणून तिच्या कागदावर प्रत्येक खेळानंतर खूण करण्यासाठी चौकोन छापलेले असत. फिल्म तुटून चार चौकटी वाया गेल्या, तर तेवढ्याच काळ्या चौकटी जोडाव्या लागत, नाहीतर ओठ एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. ही कटकट सोसणारे लोक तुझ्या प्रबंधात कुठेच नाहीत. फिल्मवरच ध्वनी छापण्याची पद्धत थोड्याच वर्षांत का सरस ठरली, हे तबकडी समजल्याशिवाय वाचकाला समजणार नाही.

पुढचे झटपट सांगतो. बोलपटाच्या पैशावर कंपनीने १९२८ मध्ये स्टॅन्ली कंपनीची चित्रपटगृहे घेतली, फर्स्ट नॅशनल या चित्रपट कंपनीवर ताबा मिळवला आणि त्यातूनच कॅलिफोर्नियातल्या बरबँकचा स्टुडिओ तिच्या हाती आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९४८ च्या निकालानंतर मोठ्या स्टुडिओंना चित्रपटगृहे सोडावी लागली. ज्या धंद्यातून हे भाऊ वर आले, तोच हातचा गेला.

१९५६ मात्र सविस्तर लिही. त्या वर्षी १९५० पूर्वीच्या चित्रपटांचा साठा २ कोटी १० लाख डॉलरना विकला गेला, आणि दूरचित्रवाणीने त्यावर किती कमावले याचा शोध घेण्यासारखा आहे. त्याच वर्षी तिन्ही भावांनी आपला हिस्सा विकायचे ठरवले. जॅकने मात्र बँकर सर्ज सेमेनेन्कोच्या गटाशी आतून संधान बांधले आणि दोघे भाऊ बाहेर पडताच तो परत येऊन अध्यक्ष झाला. हॅरी १९५८ मध्ये वारला, तोवर त्याच्यात आणि जॅकमध्ये अबोलाच होता. या प्रसंगावर तू जॅकच्या आत्मचरित्राचाच आधार घेतला आहेस. त्या बाबतीत तो पक्षकार आहे, साक्षीदार नव्हे.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा पहिले पान प्रक्षेपणकक्षात सुरू झालेले असू दे.

तुझा,
जुना शिक्षक